विद्यापीठ निवडताना: कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर घेण्याचा माझा अनुभव

ऑगस्ट २०२५ मध्ये मी कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथील कॅल स्टेट ईस्ट बे या विद्यापीठात संख्याशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाला तिसऱ्या वर्षात दाखल झाले. त्याआधीची साडेतीन वर्षे मी फ्रीमाँटच्या परिसरातील एका कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकत होते. आमच्या भागात माझ्यासारख्या मराठी स्त्रिया पुष्कळ आहेत. पतीच्या नोकरीमुळे त्या इथे आल्या, मुले शाळेत जाऊ लागल्यावर त्यांना आपले अर्धवट राहिलेले शिक्षण आठवू लागले, आणि सुरुवात कुठून करावी हे न कळल्यामुळे त्या वर्षानुवर्षे थांबून राहिल्या. मीही आठ वर्षे थांबले होते. त्यांच्यापैकी कोणाच्या उपयोगी पडावे म्हणून हे सारे तारखांसह आणि खर्चासह लिहिते आहे. यातले नियम आणि रकमा २०२२ ते २०२५ या काळातल्या आहेत, त्यामुळे अर्ज करताना त्या पुन्हा तपासून घ्याव्यात.

माझे माहेर पुणे जिल्ह्यातले, भोर तालुक्यातले. बारावीनंतर मी पुण्यात मावशीकडे राहून वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला आणि २००६-०७ साली एफ.वाय.बी.कॉम. उत्तीर्ण झाले. पुढच्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले, मी गावी परतले, आणि एस.वाय.च्या परीक्षेला बसलेच नाही. नंतर लग्न झाले, २०१३ मध्ये एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या) अमेरिकेत आले, मुलगी झाली. २०२१ च्या शेवटी आम्हाला ग्रीन कार्ड मिळाले आणि त्याच हिवाळ्यात मी कॉलेजचा अर्ज भरला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिकण्यासाठी ग्रीन कार्डची वाट पाहण्याची गरज नव्हती. एच-४ व्हिसावरही वेगळा विद्यार्थी व्हिसा न घेता शिकता येते, आणि राज्यात एक वर्षाहून अधिक काळ राहत असल्याचे कागदोपत्री सिद्ध केल्यास राज्याच्या रहिवाशांचीच फी लागते. केंद्र सरकारची आर्थिक मदत मात्र एच-४ वर मिळत नाही. ही माहिती मला आधी असती, तर मी कितीतरी वर्षे आधी सुरुवात केली असती.

कॅलिफोर्नियात सार्वजनिक उच्च शिक्षणाचे तीन थर आहेत आणि ते १९६० च्या मास्टर प्लॅनपासून चालत आले आहेत. वरच्या थरात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. मधल्या थरात कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे कॅल स्टेट. आणि खाली, कोणालाही प्रवेश देणारी कम्युनिटी कॉलेजे, जी आज राज्यभर ११६ आहेत. पहिल्या दोन वर्षांचे विषय कम्युनिटी कॉलेजमध्ये करायचे आणि तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जायचे, यालाच इथे ट्रान्सफर म्हणतात. रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी दर युनिटला, म्हणजे विषयाच्या दर श्रेयांकाला, ४६ डॉलर पडते. मी एकूण ७० युनिट केली, त्यांची फी ३,२२० डॉलर झाली, आणि त्याखेरीज दर सत्राला आरोग्य शुल्क, पार्किंग आणि पुस्तके यांचा खर्च आला. विषय निवडताना वेळापत्रकात ‘पुस्तकांचा खर्च शून्य’ अशी खूण असलेले वर्ग शोधावेत. पहिल्या सत्रात मला ती खूण माहीत नव्हती आणि एका विषयाच्या ऑनलाइन स्वाध्यायासाठी शंभराहून अधिक डॉलर भरावे लागले.

जानेवारी २०२२ मध्ये मी इंग्रजी लेखन आणि मानसशास्त्र हे दोन विषय घेतले. पहिल्या निबंधाच्या आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती. पंधरा वर्षांत मी सलग दोन पाने इंग्रजी लिहिले नव्हते. निबंध परत आला तेव्हा त्यावर लाल खुणा पुष्कळ होत्या, पण समासात प्राध्यापिकेने लिहिले होते की मुद्दा स्पष्ट आहे, आता वाक्ये तोडायला शिका. मराठीतली लांब वाक्ये मी जशीच्या तशी इंग्रजीत नेत होते. कॉलेजच्या लेखन केंद्रात विनामूल्य मदत मिळते. मी दर बुधवारी तिथे जाऊ लागले आणि सत्राअखेर इंग्रजीची भीती बरीच कमी झाली.

माझ्या हातून झालेली सगळ्यात महाग चूक यानंतरची आहे, आणि विद्यापीठ निवडण्याचा खरा धडा मला तिनेच दिला. २०२२ च्या शरद ऋतूतील सत्रात मी बिझनेस कॅल्क्युलस हा विषय घेतला. वाणिज्य शाखेतून आले होते, विषयाच्या नावात बिझनेस होते, आणि ट्रान्सफरसाठी तो चालतो असे पुस्तिकेत छापलेही होते. मी मेहनत केली, चांगली श्रेणी मिळवली, आणि जानेवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा ट्रान्सफरच्या काउन्सेलरकडे गेले. त्यांनी विचारले, “तुम्हाला पदवी कशात करायची आहे?” मी संख्याशास्त्र म्हणून सांगितले. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि असिस्ट नावाचे संकेतस्थळ उघडले.

असिस्टवर आपले कम्युनिटी कॉलेज, हवे ते विद्यापीठ आणि हवे ते मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडले की दोन रकान्यांचा एक तक्ता येतो. डाव्या रकान्यात विद्यापीठाला लागणारा विषय असतो आणि उजव्या रकान्यात त्याच्याशी समकक्ष धरला जाणारा आपल्या कॉलेजचा विषय. काही ओळींमध्ये उजवीकडे विषयच नसतो, समकक्ष विषय उपलब्ध नाही एवढीच नोंद असते. त्या दिवशी आम्ही एकामागून एक तक्ते उघडत गेलो, आणि संख्याशास्त्राच्या कोणत्याही तक्त्यात उजव्या रकान्यात बिझनेस कॅल्क्युलस नव्हते. सगळीकडे शास्त्र आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीची कॅल्क्युलसची मालिका होती, आणि ती सुरू करण्यापूर्वी मला त्रिकोणमिती व प्रीकॅल्क्युलस करणे भाग होते. माझे युनिट वाया गेले नव्हते, ते एकूण बेरजेत धरले जाणार होते, पण मेजरच्या दृष्टीने मी होते तिथेच होते. एक पूर्ण सत्र गेले. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी बराच वेळ नुसती स्टिअरिंगवर हात ठेवून होते.

माझ्या अनुभवातली सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. विद्यापीठाची निवड अर्जाच्या महिन्यात होत नाही, ती दीड-दोन वर्षे आधी, वर्गांची नोंदणी करताना होऊन जाते. आपण जो विषय घेतो त्याने काही विद्यापीठांची दारे उघडतात आणि जो घेत नाही त्याने काहींची बंद होतात, आणि हे त्या वेळी कोणी मोठ्याने सांगत नाही. म्हणून पहिल्याच सत्रात, मेजर पक्के नसले तरी, दोन-तीन शक्यता धरून असिस्टचे तक्ते छापून घ्यावेत आणि एकमेकांशेजारी ठेवावेत. मी ते स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर लावले होते. जो विषय सगळ्या तक्त्यांत होता तो आधी घ्यायचा आणि जो एकाच तक्त्यात होता तो सगळ्यात शेवटी, असा क्रम ठरवला. या क्रमामुळे पुढे कोणताही निर्णय घाईने घ्यावा लागला नाही.

त्यानंतरची दोन वर्षे प्रामुख्याने गणितात गेली: २०२३ च्या वसंत सत्रात प्रीकॅल्क्युलस, शरदात पहिले कॅल्क्युलस, २०२४ च्या वसंतात दुसरे, शरदात तिसरे, आणि २०२५ च्या वसंतात लिनिअर अल्जिब्रा. २०२४ च्या उन्हाळ्यात प्रोग्रॅमिंगचा एक विषय शेजारच्या कम्युनिटी कॉलेजमधून ऑनलाइन केला, कारण एका विद्यापीठाला हवा असलेला समकक्ष विषय आमच्याकडे नव्हता. असे करायला हरकत नसते, मात्र त्या कॉलेजचे ट्रान्स्क्रिप्टही (विषय व श्रेणींची अधिकृत नोंद) पुढे स्वतंत्रपणे पाठवावे लागते हे ध्यानात ठेवावे.

यूसी आणि कॅल स्टेट यांच्या सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे मेजरखेरीज सर्वांनी करायच्या विषयांच्या, अटींमध्येही माझ्या वेळी एक फरक होता, जो मला उशिरा कळला. कॅल स्टेटला लेखन, चिकित्सक विचार आणि गणित यांच्या जोडीला भाषण हा विषयही ट्रान्सफरपूर्वी उत्तीर्ण झालेला लागतो. यूसीला तो तेव्हा लागत नव्हता. मी भाषणाचा वर्ग टाळत आले होते. शेवटी घेतला, आणि तिथेच मला माझे मेजर निवडण्याचे कारण नीट उमगले. सात मिनिटांच्या माहितीपर भाषणासाठी मी पावसाच्या मोजणीवर बोलायचे ठरवले. माझे वडील पावसाळ्यात रोज सकाळी अंगणातल्या पर्जन्यमापकातले पाणी मोजत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात मिलिमीटर लिहून ठेवत. वर्ष संपले की ती पाने फेकून न देता दोऱ्याने बांधून माळ्यावर ठेवत. धाकट्या भावाने मला त्यांतल्या काही पानांचे फोटो पाठवले. जुलैच्या एका पानावर एकाच आठवड्यात शून्य आणि शंभराच्या वरचा आकडा असे दोन्ही होते, आणि खाली वडिलांच्या अक्षरात महिन्याची सरासरी होती. तो आकडा आणि प्रत्यक्षातला कोणताही दिवस यांचे काही नाते नव्हते, हे मी वर्गाला दाखवले. भाषण बरे झाले. पुढे यूसीच्या निबंधातही मी हीच गोष्ट लिहिली.

विद्यापीठांची यादी मी २०२३ च्या शेवटी करायला घेतली. लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, सांता बार्बरा ही नावे मोठी असली तरी मुलगी प्राथमिक शाळेत असताना घर हलवणे आम्हाला शक्य नव्हते, म्हणून ती पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. घरापासून जाऊन-येऊन करता येतील अशी चार राहिली: यूसी बर्कले, यूसी डेव्हिस, सॅन होजे स्टेट आणि कॅल स्टेट ईस्ट बे. बर्कले फ्रीमाँटहून बार्ट या लोकल रेल्वेच्या एकाच गाडीने गाठता येते. डेव्हिसला कॅपिटल कॉरिडॉर रेल्वेने साधारण दोन तास लागतात. सॅन होजेसाठी बार्टने बेरिएसा स्थानकापर्यंत आणि पुढे बसने जावे लागते. ईस्ट बे हेवर्डच्या टेकडीवर आहे आणि बार्ट स्थानकापासून विद्यापीठाची बस जाते.

क्रमवारीचे तक्ते मी सुरुवातीला पुष्कळ वाचले आणि त्यांनी मन अस्वस्थ करण्यापलीकडे फारसे काही दिले नाही. उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा, जी मला कॉलेजच्या ग्रंथालयात भेटलेल्या, माझ्याच वयाच्या एका व्हिएतनामी विद्यार्थिनीने सुचवली. विद्यापीठांची मागील सत्रांची वेळापत्रके कोणालाही पाहता येतात. संख्याशास्त्राच्या तिसऱ्या व चौथ्या वर्षाचे विषय कोणत्या दिवशी, किती वाजता होतात, दर सत्रात होतात की वर्षातून एकदाच, हे मी चारही ठिकाणी वहीत उतरवले. मुलीची शाळा तीनच्या सुमारास सुटते. ईस्ट बेचे मला लागणारे विषय आठवड्यातल्या दोन-तीन दिवसांत बसत होते. डेव्हिसमध्ये तेच विषय चार दिवसांत विखुरलेले होते, शिवाय तिथे क्वार्टर पद्धत असल्यामुळे दहा आठवड्यांत विषय संपतो आणि एखादा आठवडा आजारपणात गेला तर भरून काढायला वेळ राहत नाही. संसार सांभाळून शिकणाऱ्या प्रत्येकीने ही वही करावी असे मी आग्रहाने सांगेन.

खर्चाचाही हिशेब मांडला. यूसीची रहिवाशांसाठीची वार्षिक फी पंधरा हजार डॉलरच्या आसपास आहे, आणि प्रवेशाच्या वर्षी ठरलेली शिकवणी फी सहा वर्षांपर्यंत बदलत नाही. कॅल स्टेटची शिकवणी फी २०२५-२६ साठी ६,४५० डॉलर आहे आणि त्यावर प्रत्येक विद्यापीठाची स्थानिक शुल्के लागतात, पण शिकवणी फी दरवर्षी वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्येच झालेला आहे. ग्रीन कार्डमुळे मला फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरता आला. पतीच्या उत्पन्नामुळे अनुदान मिळाले नाही, तरीही तो भरावा, कारण काही शिष्यवृत्त्यांसाठी तो भरलेला असणे ही अट असते.

सप्टेंबर २०२४ मध्ये टॅगचा अर्ज भरला. टॅग म्हणजे यूसीची ट्रान्सफर प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही सहा विद्यापीठे ती देतात. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. हमी एकाच ठिकाणी मागता येते, अर्जाला पैसे पडत नाहीत, आणि मुदत १ ते ३० सप्टेंबर एवढीच असते. त्या आधी कम्युनिटी कॉलेजची ३० युनिट पूर्ण झालेली असावी लागतात आणि उरलेले विषय कोणत्या सत्रात करणार याचा आराखडा द्यावा लागतो. मी डेव्हिससाठी अर्ज केला. नोव्हेंबरच्या मध्यात हमी मिळाल्याचे कळले, आणि त्या दिवसापासून रात्री झोप नीट लागू लागली. टॅग मिळाले तरी यूसीचा नेहमीचा अर्ज मुदतीत भरावाच लागतो, आणि विषय व श्रेणी यांच्या अटी शेवटपर्यंत पाळाव्या लागतात.

दरम्यान पुण्याच्या कागदांचे काम सुरू झाले होते. पूर्वी कोणत्याही देशात, कोणत्याही कॉलेजमध्ये एक सत्र जरी शिकले असाल तरी ते अर्जात लिहावेच लागते. लपवल्यास मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. माझे एफ.वाय.चे गुणपत्रक आईने जपून ठेवले होते, पण विद्यापीठांना सीलबंद लिफाफ्यातून अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट हवे होते. भाऊ ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या जुन्या महाविद्यालयात गेला. पहिल्या खेपेला त्याला सांगण्यात आले की इतकी जुनी नोंदवही दुसऱ्या इमारतीत हलवली आहे, दुसऱ्या खेपेला संबंधित लिपिक रजेवर होते, तिसऱ्या खेपेला माझे अधिकारपत्र मागितले गेले. मी स्वाक्षरी केलेले अधिकारपत्र, पासपोर्टची प्रत आणि लग्नानंतर नाव बदलल्यामुळे विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पाठवली. नोव्हेंबरमध्ये काम झाले. लिफाफा घरी आला तेव्हा मी तो बराच वेळ हातात घेऊन पाहत होते: खाकी कागद, झाकणाच्या जोडावर अर्धा वर आणि अर्धा खाली उमटलेला गोल जांभळा शिक्का, आणि त्यावरून तिरपी गेलेली शाईची सही. भावाचा फोनवरचा निरोप होता, “ताई, काहीही झालं तरी तो उघडू नकोस.” एकूण खर्च, कुरिअर धरून, सहा हजार रुपयांच्या आसपास झाला. लिफाफे एकाच वेळी चार-पाच तरी करून घ्यावेत आणि काम किमान सहा महिने आधी सुरू करावे. गुणांचे इथल्या पद्धतीनुसार मूल्यांकन एका मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घेतले, त्याला सुमारे दोनशे डॉलर लागले.

एस.वाय.च्या रकान्यात ‘गैरहजर’ असा शेरा आहे. तो अर्जात टंकताना हात थबकला. पण मी तो जसाच्या तसा लिहिला आणि अतिरिक्त माहितीच्या चौकटीत वडिलांच्या आजारपणाबद्दल चार ओळी दिल्या.

यूसीचा अर्ज ऑगस्टपासून भरून ठेवता येतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाठवता येतो. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला शनिवार आल्यामुळे शेवटची तारीख २ डिसेंबर २०२४ होती. दर विद्यापीठामागे ८० डॉलर लागले, कॅल स्टेटसाठी दर विद्यापीठामागे ७० डॉलर, म्हणजे चार अर्जांचे ३०० डॉलर झाले. यूसीसाठी साडेतीनशे शब्दांच्या मर्यादेतली चार उत्तरे लिहायची असतात. त्यांतला मेजरसाठी केलेल्या तयारीवरचा प्रश्न ट्रान्सफरच्या विद्यार्थ्यांना बंधनकारक असतो, आणि उरलेले तीन सात प्रश्नांतून निवडायचे असतात. माझ्या पहिल्या मसुद्यात तयारीऐवजी कष्टांचेच वर्णन जास्त होते. काउन्सेलरनी तो वाचून सांगितले, “यात तुम्ही काय सोसले ते दिसते आहे. आता काय शिकलात ते लिहा.” मी तो पूर्ण बाजूला ठेवून नवा लिहिला. कॅल स्टेटच्या अर्जात निबंध नाही, पण आजवर केलेला प्रत्येक विषय, पुण्यातलेही सगळे, एकेक करून भरावे लागतात. त्याला मला दोन संध्याकाळी लागल्या. ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवूनच ते करावे.

जानेवारी २०२५ मध्ये यूसीला शरद सत्राच्या श्रेणी आणि वसंत सत्राचे विषय कळवायचे होते. या अद्ययावत माहितीची मुदत ३१ जानेवारी असते आणि ती चुकवू नये, विशेषतः टॅग असलेल्यांनी. त्यानंतर वाट पाहण्याखेरीज हातात काही नव्हते. ईस्ट बेचे होकारपत्र फेब्रुवारीत आले, सॅन होजेचे मार्चमध्ये. एप्रिलच्या उत्तरार्धात बर्कलेचा नकार आला. मी तो रात्री मुलगी झोपल्यावर एकटीने वाचला. अपेक्षा फार ठेवली नव्हती, तरीही दोन दिवस मन कशात लागले नाही. बार्टच्या नकाशावर फ्रीमाँट ते बर्कले ही रेषा मी मनात कितीदा तरी आखली होती.

उरलेला प्रश्न डेव्हिस की ईस्ट बे असा होता. सॅन होजेत मला संख्याशास्त्र गणिताच्या पदवीचा एक भाग म्हणून करावे लागले असते, म्हणून ते मागे पडले. घरात बोलणी पुष्कळ झाली. पती म्हणाले, “डेव्हिस मिळालं आहे, ते सोडू नकोस. घरचं मी बघेन.” ते मनापासून म्हणत होते हे मला ठाऊक होते. पण निर्णय बोलण्यावर करायचा नाही, एक दिवस प्रत्यक्ष जगून पाहायचा, असे मी ठरवले. मे महिन्यातल्या एका मंगळवारी पहाटे डबा भरून ठेवला, मुलीला उठवण्याचे काम पतींकडे दिले आणि सेंटरव्हिल स्थानकावरून डेव्हिसची गाडी पकडली. मार्टिनेझला गाडी पुलावर चढली तेव्हा खाली पाण्यावर ऊन पडले होते आणि मी लिनिअर अल्जिब्राचा स्वाध्याय सोडवत होते. डेव्हिस मला फार आवडले. सायकलींचे रुंद रस्ते, झाडी, शील्ड्स ग्रंथालयातली शांतता, आणि संख्याशास्त्र विभागात माझ्या प्रश्नांना दिलेली आपुलकीची उत्तरे. परतीची गाडी उशिरा सुटली. घरी पोचले तेव्हा मुलगी जेवून अंथरुणात होती आणि दुसऱ्या दिवशीच्या शाळेच्या प्रकल्पाचा कागद माझ्या उशीवर ठेवलेला होता, त्यावर पेन्सिलने लिहिले होते, ‘आई, सही’. असा दिवस आठवड्यातून चार वेळा, दोन वर्षे काढायचा, हे मला जमणार नाही असे त्या रात्री मी स्वतःला स्पष्ट सांगितले.

पुढच्या आठवड्यात मी हेवर्डला गेले. टेकडीवरून सगळा उपसागर दिसतो. एका प्राध्यापकांच्या वर्गात परवानगी घेऊन बसले. वर्गात तीसहून कमी विद्यार्थी होते, निम्म्याहून अधिक कामावरून आलेले, आणि दोघी-तिघी माझ्याहून मोठ्या. प्रतिगमनाच्या एका उदाहरणावर प्राध्यापकांनी वीस मिनिटे दिली आणि कोणालाही मागे सोडले नाही. मी घरी येऊन वही उघडली, वेळापत्रक पुन्हा एकदा तपासले, माझी किती युनिट मान्य होतील आणि पदवीला किती उरतील याची बेरीज केली, आणि ईस्ट बेचा प्रवेश स्वीकारला. डेव्हिसला होकार किंवा नकार कळवण्याची मुदत १ जूनपर्यंत होती. नकाराची कळ दाबायला मला आणखी तीन दिवस लागले. सासूबाईंना फोनवर सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, डिग्री पूर्ण होतेय ना? मग झालं.”

प्रवेश स्वीकारल्यावरही कामे उरतात आणि ती थकलेल्या मनाने करावी लागतात. शेवटच्या श्रेणी लागल्यावर दोन्ही कम्युनिटी कॉलेजांची अंतिम ट्रान्स्क्रिप्ट पाठवायची, सामान्य शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र कॉलेजकडे वेगळे मागायचे, आणि ट्रान्सफरसाठीच्या सहयोगी पदवीचा अर्जही वेगळा करायचा. यांपैकी कोणतीही गोष्ट आपोआप होत नाही. लिनिअर अल्जिब्राची श्रेणी लागण्यापूर्वीच मी घाईने एक ट्रान्स्क्रिप्ट मागवून बसले आणि ते अपुरे ठरल्यामुळे पुन्हा पैसे भरावे लागले. श्रेणी पडद्यावर दिसल्यानंतरच मागणी नोंदवावी. पुण्याचा खाकी लिफाफा मी स्वतः नेऊन खिडकीवर दिला आणि पोच घेतली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मान्य झालेल्या युनिटांचा अहवाल आला. वरच्या भागात कॅल्क्युलसच्या तीन ओळी होत्या, बिझनेस कॅल्क्युलसची एक ओळ ऐच्छिक म्हणून होती, आणि तळाशी पुणे, २००६-०७ अशी नोंद होती. त्यापुढे एफ.वाय.च्या काही विषयांची युनिट ऐच्छिक म्हणून धरली होती. पदवीच्या आकड्यांत त्यांनी फारसा फरक पडणार नाही. त्या ओळीचा फोटो मी भावाला पाठवला. त्याने आईला वाचून दाखवला, आणि तिने गुणपत्रक ठेवलेली ती प्लास्टिकची पिशवी पुन्हा कपाटात जागेवर ठेवल्याचे त्याने मला कळवले.

माझे वर्ग सोमवारी आणि बुधवारी असतात.